शेरलॉकचा बाप

सेकंड इयरच्या पी.एल.मध्ये, म्हणजे अभ्यास सोडून बाकी सगळं सुचतं त्या दिवसांत, मला शेरलॉक होम्स सापडला. तोही अगदी फुकटात. आमच्या हॉस्टेलचं वाय-फाय रात्री अकरानंतर जरा माणसात येतं. थर्मोच्या नोट्स शोधता शोधता मी प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या साइटवर जाऊन पोचले आणि ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स’ हे पुस्तक उतरवून घेतलं. त्याचा तिथला नंबर १६६१. चित्र नाही, रंग नाही, नुसती साधी टेक्स्ट फाइल, सहाशे केबीच्या आसपास. घरच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारा सुविचाराचा फोटोसुद्धा कधी कधी याच्याहून जड असतो! एकूण बारा गोष्टी. पहाटे चार वाजता मी सातवी संपवली. थर्मोचं काय झालं ते विचारू नका.

आमच्या घरात डिटेक्टिव्ह काही नवीन नव्हते. आजोबा बाबुराव अर्नाळकरांचे भक्त. झुंजार आणि काळापहाड यांची नावं मी लहानपणापासून ऐकलेली. पण माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे ती पुस्तकं कधी हातात घेतली नाहीत. (या लेखातही शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर त्याचं कारण तेच. सांभाळून घ्या.) शाळेच्या लायब्ररीत होम्स होता, पण तो मुलांसाठी आखूड केलेला. त्यात फक्त सांगाडा होता, मांस सगळं काढून टाकलेलं. अख्खा होम्स मला त्या रात्री मोबाइलच्या स्क्रीनवर पहिल्यांदा भेटला.

मग व्यसनच लागलं. एडगर ॲलन पोची १८४१ सालची रू मॉर्गची गोष्ट, जिच्यापासून हा सगळा प्रकार सुरू झाला असं मानतात. विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’, १८६८ ची. तिच्यातला हिरा तर श्रीरंगपट्टणहून लुटून नेलेला. ऑस्टिन फ्रीमनचा डॉक्टर थॉर्नडाइक, जो मायक्रोस्कोप घेऊनच फिरतो. सगळं फुकट. एवढं सगळं फुकट कसं, असा प्रश्न पडला तेव्हा तेही वाचून काढलं. १९७१ सालच्या ४ जुलैला इलिनॉय विद्यापीठातल्या मायकल हार्ट नावाच्या विद्यार्थ्याला तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरवर काम करायला मोकळा वेळ मिळाला. त्याने त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप करून ठेवला, ज्याला पाहिजे त्याने घ्यावा म्हणून. गुटेनबर्गची सुरुवात ती. पुढे जगभरच्या लोकांनी पगाराशिवाय पुस्तकं टाइप केली, स्कॅन केली, चुका तपासल्या. लेखकाच्या मृत्यूला ठराविक वर्षं झाली की पुस्तकावरचा हक्क संपतो आणि ते सगळ्यांचं होतं. आपल्याकडे ही मुदत ६० वर्षांची आहे. अमेरिकेतले नियम वेगळे, त्यामुळे होम्सच्या अगदी शेवटच्या गोष्टी तिथे १ जानेवारी २०२३ ला मोकळ्या झाल्या.

होम्स वाचून माणसाच्या डोक्यात जी हवा जाते ती माझ्याही गेली. समोरच्याच्या चपलेवरचा चिखल बघून तो कुठल्या रस्त्याने आला हे मी सांगायला लागले. आणि थर्ड इयरच्या सुरुवातीला रूममेटचा कॅल्क्युलेटर गायब झाला तेव्हा तर मी ती केस हातातच घेतली. त्याचं काय झालं ते पुढे सांगते. आधी ज्याने हा होम्स जन्माला घातला त्याच्याबद्दल. कारण गोष्टी संपल्यावर मी त्याचं चरित्र वाचायला घेतलं, आणि ते मला होम्सपेक्षा जास्त दिवस पुरलं.

आर्थर कॉनन डॉइलचा जन्म २२ मे १८५९ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातला. घराणं चित्रकारांचं. काका रिचर्ड डॉइल पऱ्यांची चित्रं काढण्यासाठी प्रसिद्ध. वडील चार्ल्स यांच्याही हातात कला होती, पण दारूही होती. नोकरी गेली, पुढे त्यांना मनोरुग्णांच्या संस्थेत ठेवावं लागलं आणि तिथेही ते पऱ्यांचीच चित्रं काढत राहिले. (या पऱ्या लक्षात ठेवा, त्या पुन्हा येणार आहेत.) घर आईने ओढलं. तिला गोष्टी सांगण्याचा नाद होता आणि अगदी ऐन प्रसंगी आवाज कुजबुजीवर आणण्याची हातोटी होती. नवव्या वर्षी आर्थरला जेझुइट पाद्र्यांच्या बोर्डिंग शाळेत पाठवलं. फी श्रीमंत नातेवाइकांनी भरली. शिस्त कडक, मार भरपूर, जेवण बेताचं. कॉन्व्हेंट आणि हॉस्टेल दोन्ही भोगलेल्यांना जास्त सांगायला नको.

१८७६ मध्ये तो एडिंबरा विद्यापीठात डॉक्टरकीला लागला. तिथे त्याला डॉ. जोसेफ बेल हे सर भेटले. बेल सर सर्जन, आणि आर्थर त्यांच्या ओ.पी.डी.त पेशंट आत पाठवणारा मदतनीस. पेशंटने तोंड उघडायच्या आधीच सर त्याची माहिती सांगत. एकदा एक माणूस आला. तो सैन्यातून नुकताच सुटलेला, हायलँड रेजिमेंटमधला आणि बार्बाडोसला राहून आलेला आहे असं सरांनी नुसतं बघून सांगितलं आणि ते बरोबर निघालं. मग मुलांना फोड करून सांगितली. माणूस आदबशीर होता, तरी त्याने टोपी काढली नाही. सैन्यात काढत नाहीत, आणि सुटून फार दिवस झाले असते तर साधी रीत अंगवळणी पडली असती. त्याच्या वागण्यात अधिकार होता आणि तो उघडच स्कॉटिश होता. आजार हत्तीरोग, जो ब्रिटनमध्ये होत नाही, वेस्ट इंडीजमध्ये होतो. आपण व्हायवाला बसलो की सर आपल्याकडे बघूनच ओळखतात की जर्नल उतरवून काढलंय, तसंच काहीसं! फरक एवढाच की बेल सर पायऱ्यासुद्धा सांगत. होम्सचं बीज इथलं, हे डॉइलने स्वतःच मान्य केलं होतं.

मला मात्र त्याची पुढची गोष्ट जास्त आवडली. तो थर्ड इयरला असताना, वय वर्षं वीस, म्हणजे बरोबर माझ्याएवढा, एका वर्गमित्राने त्याला विचारलं की व्हेल पकडणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून जागा आहे, मला जमत नाही, तू जातोस का. हा लगेच तयार! फेब्रुवारी १८८० मध्ये ‘होप’ हे जहाज पीटरहेड बंदरातून ग्रीनलंडच्या समुद्राकडे निघालं. डॉक्टरकीचं काम फारसं नव्हतं, म्हणून तो सील मारायला बर्फावर उतरायचा आणि पाय घसरून पुन्हा पुन्हा गारठलेल्या पाण्यात पडायचा. इतक्यांदा की कॅप्टनने त्याला बुडी मारणाऱ्या एका पक्ष्याचं नाव ठेवलं. एकविसावा वाढदिवस त्याने बर्फात साजरा केला. परत आला तेव्हा खिशात सुमारे ५० पौंड होते आणि ते त्याने आईला दिले. मी वीस वर्षांत आईला काय दिलं याचा हिशोब करायचा प्रयत्न केला, पण लगेच सोडून दिला.

१८८१ मध्ये पदवी मिळाली. मग पश्चिम आफ्रिकेच्या जहाजावर एक फेरी झाली, तिथे तापाने मरता मरता वाचला. एका मित्राबरोबर भागीदारीत दवाखाना काढला, तो भांडणात संपला. शेवटी १८८२ मध्ये दहा पौंडांहूनही कमी पैसे घेऊन तो पोर्ट्समथजवळच्या साउथसी गावात उतरला आणि त्याने स्वतःची पाटी लावली. सामान घ्यायला पैसे नाहीत, म्हणून फक्त पेशंटला दिसेल तेवढी खोली सजवली, बाकी घर रिकामं. पितळी पाटी तो स्वतः घासायचा, तीही रात्री, लोकांना दिसू नये म्हणून. धाकटा भाऊ इनिस शाळकरी वयाचा, तो दार उघडायला. पहिल्या वर्षाची कमाई १५४ पौंड. इन्कम टॅक्सवाल्यांनी त्याचा फॉर्म अत्यंत असमाधानकारक असा शेरा मारून परत पाठवला, तेव्हा याने त्यावर आपलंही मत अगदी तेच आहे असं लिहून पाठवलं. प्लेसमेंटची वाट बघणाऱ्यांनी हे वाक्य पाठ करून ठेवावं.

१८८५ मध्ये लुइसा हॉकिन्सशी लग्न झालं. पेशंट नसण्याचा एक फायदा असतो, लिहायला वेळ मिळतो. १८८६ मध्ये त्याने ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ ही होम्सची पहिली कादंबरी लिहिली. प्रकाशकांकडून ती परत येत राहिली. शेवटी एकाने सगळे हक्क घेऊन २५ पौंड दिले, आणि १८८७ च्या नाताळात ती एका वार्षिकात छापली. या पुस्तकाचे त्याला त्यानंतर एक पैसाही मिळाला नाही. आपल्या लोकांसाठी एक गंमत: या कादंबरीच्या पहिल्याच परिच्छेदात मुंबई येते. डॉक्टर वॉटसन आपल्या रेजिमेंटकडे जायला निघतो तो मुंबईच्या बंदरातच उतरतो.

१८९१ च्या सुरुवातीला डॉइलने डोळ्यांचा डॉक्टर व्हायचं ठरवलं. व्हिएन्नाला जाऊन काही महिने लेक्चर्स ऐकली आणि लंडनमध्ये दवाखाना थाटला. रोज सकाळी दहा वाजता जाऊन बसायचं आणि दुपारी तीन-चारला उठायचं. वेटिंग रूममध्ये वाट बघणारा पेशंट एकही नाही, वाट बघणारा फक्त डॉक्टर! त्या शांततेत त्याला एक कल्पना सुचली. मासिकांत क्रमशः कादंबरी येते आणि एखादा अंक हुकला की वाचकाचा धागा तुटतो. त्यापेक्षा पात्र तेच ठेवावं, पण गोष्ट दर अंकात पूर्ण करावी. आज आपण बघतो त्या बहुतेक सिरीजचं हेच गणित आहे. जुलै १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात होम्स येऊ लागला आणि डॉइलने दवाखान्याला कायमचं कुलूप लावलं. सुरुवातीला गोष्टीला ३५ पौंडांच्या आसपास मिळत होते, मग ५० झाले. त्याला कंटाळा आला, म्हणून त्याने बारा गोष्टींचे १००० पौंड मागितले, नाही म्हणतील म्हणून. ते हो म्हणाले.

कंटाळा खरा होता. त्याला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या, आणि त्याच आपलं खरं काम आहे असं तो शेवटपर्यंत मानत होता. १८९१ मध्येच तो होम्सला मारणार होता, पण आईने मारू दिलं नाही. मात्र १८९३ हे वर्ष वाईट आलं. लुइसाला क्षयाचं निदान झालं, वडील वारले, आणि डिसेंबरच्या अंकात त्याने होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाख धबधब्यात ढकललं. वाचकांनी आकांत केला, स्ट्रँडच्या हजारो वर्गणीदारांनी मासिक बंद केलं. त्याने दहा वर्षं दाद दिली नाही. मधल्या काळात बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेत टायफॉइडच्या साथीत डॉक्टर म्हणून काम केलं, १९०० मध्ये क्रिकेटमध्ये डब्ल्यू. जी. ग्रेसची विकेट काढली (फर्स्ट क्लास क्रिकेटमधली त्याची एकुलती एक!), १९०२ मध्ये सर झाला. १९०३ मध्ये मात्र पैशापुढे आणि लोकांपुढे मान तुकवून होम्सला जिवंत केलं. एकूण चार कादंबऱ्या आणि ५६ कथा.

इथपर्यंतचं कमी-जास्त सगळ्यांना माहीत असतं. मला माहीत नव्हतं ते पुढचं.

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये ग्रेट वायर्ली नावाचं खाणींच्या भागातलं गाव आहे. तिथले पाद्री होते शापुरजी एदलजी. मूळचे मुंबईचे पारशी, ख्रिस्ती होऊन इंग्लंडला गेलेले. बायको इंग्लिश. सावळ्या माणसाने चर्चमध्ये उभं राहून आपल्याला उपदेश करावा हे गावातल्या काहींना पचत नव्हतं. घरी वर्षानुवर्षं निनावी घाणेरडी पत्रं यायची. थोरला मुलगा जॉर्ज हुशार, अबोल, बर्मिंगहॅममध्ये सॉलिसिटर. रेल्वे प्रवाशांच्या हक्कांवर त्याने छोटं पुस्तकही लिहिलं होतं. १९०३ मध्ये गावात रात्री कोणीतरी घोडे, गाई, मेंढ्यांची पोटं फाडायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये खाणीचं एक तट्टू असंच मरणाच्या दारात सापडलं आणि पोलिसांनी जॉर्जला पकडलं. पुरावा काय, तर बुटावर चिखल, कोटावर घोड्याचे केस, आणि निनावी पत्रांतलं अक्षर त्याचंच आहे असं सांगणारा एक तज्ज्ञ. त्या रात्री जॉर्ज वडिलांच्या खोलीत, कुलपाच्या आत झोपला होता, हे खुद्द पाद्र्यांनी कोर्टात सांगितलं तरी उपयोग झाला नाही. सात वर्षांची सक्तमजुरी. जॉर्ज तुरुंगात असताना बाहेर जनावरांवर हल्ले चालूच राहिले! दहा हजार लोकांनी सह्यांचा अर्ज केला. तीन वर्षांनी, १९०६ मध्ये, कुठलंही कारण न सांगता त्याला सोडून दिलं. निर्दोष म्हणून नाही, नुसतंच सोडलं. वकिली करता येईना, नाव साफ होईना. त्याने आपली हकिगत होम्सच्या लेखकाला पाठवली.

त्याच वर्षी जुलैमध्ये लुइसा गेली होती. डॉइल खचलेला होता, कामात लक्ष नव्हतं. त्याने जॉर्जला लंडनच्या एका हॉटेलात भेटायला बोलावलं. स्वतःला यायला जरा उशीर झाला. जॉर्ज लॉबीत पेपर वाचत बसला होता. पेपर डोळ्यांच्या अगदी जवळ, आणि थोडा तिरका धरलेला. डॉइल दारातच थांबून बघत राहिला. व्हिएन्नातली ती अर्धवट राहिलेली लेक्चर्स, लंडनमधला तो रिकामा दवाखाना, सगळं फुकट गेलं असं वाटत होतं ना? ते इथे कामाला आलं. हा माणूस प्रचंड लघुदृष्टीचा आहे, शिवाय डोळ्यांत तिरपा दोष आहे, हे त्याने ओळखलं. मग नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घेतलं: सुमारे आठ डायॉप्टर. असा माणूस काळोख्या पावसाळी रात्री रेल्वेचे रूळ आणि कुंपणं ओलांडत शेतात जाऊन तट्टू शोधेल आणि पोलिसांचा पहारा चुकवून परत येईल?

डॉइल तेवढ्यावर थांबला नाही. स्वतः वायर्लीला गेला, ती वाट चालून बघितली. बुटावरचा चिखल त्या शेतातला नव्हता. पोलिसांनी जॉर्जचा कोट नेताना तट्टूच्या कातड्याच्या तुकड्याबरोबर नेला होता, मग केस लागणारच. अक्षराचा तो तज्ज्ञ याआधी एका निरपराध माणसाला तुरुंगात पाठवण्याइतका चुकला होता. जानेवारी १९०७ मध्ये डॉइलने हे सगळं ‘डेली टेलिग्राफ’मध्ये छापलं आणि त्या लेखावरचा हक्क मुद्दाम सोडून दिला, म्हणजे कोणत्याही वर्तमानपत्राला ते फुकट छापता यावं. हे वाचताना मी मोबाइल खाली ठेवला. गोष्टीमागे पौंड मोजून घेणारा लेखक, आणि जो मजकूर सगळ्यांपर्यंत पोचणं सगळ्यात जास्त गरजेचं होतं तो त्याने स्वतःहून मोकळा केला.

मे १९०७ मध्ये सरकारने जॉर्जला जनावरांच्या गुन्ह्यातून माफी दिली, पण पत्रं त्यानेच लिहिली असणार असं म्हणून नुकसानभरपाई नाकारली. चौकशी समितीच्या तिघांपैकी एक जण तिथल्या पोलिसप्रमुखाचा नातलग होता. तरी जॉर्जला वकिली परत मिळाली. फौजदारी खटल्यांसाठी अपिलाचं कोर्ट इंग्लंडमध्ये त्याच वर्षीच्या कायद्याने आलं, त्यामागे या केसचाही धक्का होता. सप्टेंबरमध्ये डॉइलने जीन लेकीशी दुसरं लग्न केलं, तेव्हा पाहुण्यांत जॉर्ज एदलजी होता.

आता माझी केस. कॅल्क्युलेटर सकाळी टेबलावर होता, संध्याकाळी नव्हता. मधल्या वेळात खोलीत कोण आलं? केर काढायला येणाऱ्या मावशी. दार उघडं, टेबलावर फडक्याचा ओला डाग. मी पायऱ्या मांडून विंगमधल्या मुलींना सगळं समजावून सांगितलं. सगळ्यांना ते पटलं आणि मला फार भारी वाटलं. मावशींना तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण अशी गोष्ट भिंतीलाही कळते. दुसऱ्या दिवसापासून त्या आपली पिशवी दाराबाहेर ठेवून आत यायला लागल्या, आणि खोलीत कोणी असेल तरच. आठ दिवसांनी कॅल्क्युलेटर वर्कशॉपच्या ॲप्रनच्या खिशात सापडला. आम्ही खूप हसलो. एदलजीची हकिगत वाचली त्या रात्री मला कळलं की मी होम्स नव्हतेच. मी वायर्लीचा पोलीस होते. आधी माणूस ठरवला आणि मग डाग शोधला.

आणि गंमत म्हणजे खुद्द डॉइललाही हे टाळता आलं नाही. जॉर्ज निर्दोष आहे हे सिद्ध केल्यावर त्याने वायर्लीतल्या दुसऱ्याच एका माणसावर बोट ठेवलं आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा तितकाच कच्चा होता. तरी जिद्द सोडली नाही. १९०८ मध्ये ग्लासगोत एका म्हातारीचा खून झाला, त्यात ऑस्कर स्लेटर नावाच्या जर्मन ज्यूला आधी फाशी आणि मग जन्मठेप झाली. डॉइलने १९१२ मध्ये त्याच्या बाजूने पुस्तिका लिहिली. तो माणूस त्याला आवडत नव्हता, पण आवडण्याचा आणि गुन्ह्याचा संबंध नाही हे त्याला कळत होतं. स्लेटर पीटरहेडच्या तुरुंगात होता, म्हणजे जिथून वीस वर्षांचा आर्थर बर्फाकडे निघाला होता त्याच गावात. तो सुटला १९२७ मध्ये, आणि १९२८ मध्ये शिक्षा रद्द झाली.

मग हाच माणूस पऱ्यांवर विश्वास ठेवतो, हे कसं? मेलेल्या माणसांशी बोलता येतं का, हे कुतूहल त्याला तरुणपणापासून होतं, आणि १९१६ मध्ये त्याने आपला विश्वास जाहीर केला. युद्धात जखमी झालेला मुलगा किंग्जली १९१८ च्या फ्लूच्या साथीत गेला, चार महिन्यांत भाऊ इनिस गेला, तोच दार उघडणारा. त्यानंतर डॉइलने उरलेलं आयुष्य आणि पैसा या प्रचारात घातला. १९२० मध्ये त्याच्यापुढे यॉर्कशायरच्या कॉटिंग्ली गावचे फोटो आले: ओढ्याकाठी मुलगी आणि तिच्यासमोर नाचणाऱ्या पऱ्या. फोटो काढले होते एल्सी आणि फ्रान्सिस या मावस बहिणींनी, १९१७ मध्ये, एक सोळाची आणि एक नऊची. एल्सी चित्रं काढायची, फोटोच्या दुकानात काम केलेली. पुरावा समोर होता. पण वायर्लीला स्वतः चालत गेलेल्या डॉइलने कॉटिंग्लीला चौकशीसाठी दुसऱ्याला पाठवलं आणि स्वतः भाषणांसाठी ऑस्ट्रेलियाला निघाला. साध्या घरच्या मुली असली लबाडी करूच शकत नाहीत असं त्याने धरून चाललं. १९२२ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. लोक हसले. १९८३ मध्ये, म्हाताऱ्या झाल्यावर, त्या दोघींनी कबूल केलं की पऱ्या पुठ्ठ्यावर काढून कापलेल्या होत्या आणि टोपीच्या पिनांनी उभ्या केल्या होत्या. त्या उतरवल्या होत्या १९१४ सालच्या एका भेट-पुस्तकातून. त्याच पुस्तकात खुद्द डॉइलचीही एक गोष्ट छापलेली होती!

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही हसले. नंतर वेड्यांच्या संस्थेत पऱ्या काढत बसलेले त्याचे वडील आठवले आणि हसू थांबलं. जॉर्जच्या बाबतीत त्याला उत्तर आधी नको होतं, म्हणून डोळे दिसले. पऱ्यांच्या बाबतीत उत्तर आधीच हवं होतं. डोळे तेच होते, डॉक्टरही तोच. लॅबमध्ये रीडिंग्ज घेताना आपण काय करतो? ग्राफ सरळ यावा म्हणून एखादा पॉइंट हळूच खोडतो. तेच.

७ जुलै १९३० ला क्रोबरोच्या घरी डॉइल गेला. सहा दिवसांनी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये हजारो लोक जमले आणि त्याच्यासाठी व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी ठेवली, तो येईल म्हणून. तो काही दिसला नाही. पण सहाशे केबीच्या फाइलमधून तो कोणाच्याही खोलीत रात्री अकरानंतर येतो, एवढं मी खात्रीने सांगू शकते. ज्यांना पाहिजे त्यांनी १६६१ नंबर लक्षात ठेवा. पी.एल.मध्ये मात्र उघडू नका.

मी मावशींकडे गेले होते. कॅल्क्युलेटर कुठे सापडला ते सांगितलं, आणि संशय मीच पसरवला होता हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि कॉटखालचा केर काढायला वाकल्या. पिशवी अजून दाराबाहेरच असते.

(थर्ड इयर, मेकॅनिकल)